फाटकापाशी अडलेली बाग

सार्वजनिक बागेत मोटारसायकली शिरू नयेत म्हणून फाटकात आडवेतिडवे लोखंडी दांडे बसवण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. दोन दांड्यांमधल्या नागमोडी फटीतून धडधाकट माणूस अंग चोरून आत जातो. चाकांच्या खुर्चीवर बसलेला माणूस जाऊ शकत नाही. कुबड्या घेतलेला माणूस एकदा प्रयत्न करून पाहतो आणि पुन्हा त्या बागेकडे फिरकत नाही. दांडा बसवणाऱ्याच्या मनात अपंगांविषयी आकस असतो असे कोणी म्हणणार नाही. नकाशा काढताना, निविदा लिहिताना आणि काम तपासताना तो माणूस कोणाच्या ध्यानातच आलेला नसतो. अपंगांच्या नागरी हक्काचा बराचसा प्रश्न या एका विस्मरणात साठवलेला आहे, आणि ‘सेन्सरी गार्डन’ या सध्या लोकप्रिय होत असलेल्या कल्पनेचा विचार पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यापुरता करावयाचा झाला तर तो बागेच्या सौंदर्यापासून सुरू न करता तिच्या फाटकापासूनच सुरू करावा लागेल.

सेन्सरी गार्डन, म्हणजे मराठीत संवेदना-उद्यान म्हणता येईल अशी बाग, केवळ डोळ्यांनी पाहण्यासाठी नसते. तीत सुगंधी झाडे हाताला लागतील अशा उंचीवर लावलेली असतात. खरखरीत, मऊ, लवदार पाने चाचपून पाहता येतात. वाहत्या पाण्याचा आणि वाऱ्याचा आवाज मुद्दाम राखलेला असतो. आणि पायांखालची जमीन जागोजाग बदलत जाऊन चालणाऱ्याला तो कोठे आला आहे हे सांगत असते. ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या वनस्पती उद्यानात १९५५ साली दृष्टिहीनांसाठी सुगंधाची बाग झाली, आणि तेथील वाफे चाकांच्या खुर्चीवरून हात पोहोचेल इतके उंच बांधण्यात आले. आपल्या राज्यात नागपूरला ‘अनुभूती’ या समावेशक उद्यानाची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये झाली. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी त्याचे वर्णन जगातील सर्वांत मोठे दिव्यांग उद्यान असे केले. जागा ९० हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे दोन एकर. खर्चाचा अंदाज १२ कोटी रुपये. स्पर्श व गंध यांची बाग, जलोपचाराची सोय, बौद्धिक अक्षमता असलेली मुले व त्यांच्या माता यांच्यासाठी स्वतंत्र खोली, असे त्या योजनेचे स्वरूप सांगण्यात आले होते.

अशा उद्यानाचे स्वागत केलेच पाहिजे. परंतु ‘सर्वांत मोठे’ या विशेषणाची हौस राज्यकर्त्यांना जितकी असते तितकी ती बागेत जाणाऱ्याला नसते. त्याला हवी असते ती घरापासून जवळची बाग. एका शहरात एक भव्य दिव्यांग उद्यान आणि उरलेल्या सर्व उद्यानांच्या फाटकांत लोखंडी दांडे, ही रचना दिसायला उदार वाटली तरी तिचा अर्थ असा होतो की अपंगांनी आपले मन रमवण्यासाठी त्यांना नेमून दिलेल्या ठिकाणी जावे आणि इतरांच्या वाटेत येऊ नये. वर्षातून एकदा शाळेची सहल तेथे जाईल. रोज संध्याकाळी नातवाचा हात धरून कोणी जाणार नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेची लहानमोठी दीडशेहून अधिक उद्याने आहेत. मोरवाडीला महापालिकेने दिव्यांग भवन उभारून उपचार व समुपदेशनाच्या सोयी एका छताखाली आणल्या, ही गोष्ट राज्यातील अन्य महापालिकांनी येऊन पाहावी अशी आहे. मात्र उपचार संपवून भवनातून बाहेर पडलेला माणूस पुढे जातो कोठे? तो आपल्या प्रभागात जातो. तेव्हा मागणी करावयाची ती शहरात आणखी एक नमुनेदार उद्यान बांधा अशी नसून, प्रत्येक प्रभागातील एक तरी चालू बाग स्पर्श, गंध आणि ध्वनी यांनी समृद्ध करा व ती सर्वांना खुली होईल अशी दुरुस्त करा, अशी असली पाहिजे.

ही मागणी याच पट्ट्यात अधिक जोराने का करावी, याला कारण आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि पुढच्या दोन दशकांत भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळावर कारखान्यांच्या रांगा लागल्या. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. कामगारांना परवडतील अशी घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण निर्माण करण्यात आले. २०२१ मध्ये ते विसर्जित झाले तेव्हा त्या मूळ उद्देशाची आठवण फारशा कोणाला उरली नव्हती. त्या काळात मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांतून पंचविशीत आलेला कामगार आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडून बसला आहे. त्याचे गुडघे गेले आहेत. प्रेस शॉपच्या आणि फोर्ज शॉपच्या गोंगाटात त्याची श्रवणशक्ती कमी झाली आहे. मधुमेहाने कित्येकांची दृष्टी अधू केली आहे. त्याच्याजवळ अपंगत्वाचे प्रमाणपत्र बहुधा नाही, आणि तो स्वतःला अपंग म्हणवूनही घेणार नाही. पण बागेच्या तीन पायऱ्या त्याला चढवत नाहीत म्हणून तो चौकातल्या पानटपरीजवळच्या कट्ट्यावर धूर खात बसतो. हे शहर ज्या पिढीने उभे केले त्या पिढीला शहराच्या बागेत जाता येत नाही, एवढ्या साध्या शब्दांत हा प्रश्न मांडता येतो.

त्याहून कठोर अशी दुसरी बाजू आहे. हा पट्टा अपंगत्व निर्माणही करतो. मोटारीचा पत्रा कापणारी व वाकवणारी पॉवर प्रेस हे या उद्योगाचे मूलभूत यंत्र. मोठ्या कंपनीच्या जुळणी विभागात यंत्रमानव दिसतात आणि पाहुण्यांना तेच दाखवले जातात. सुटे भाग मात्र पुरवठादाराच्या, त्याच्या पुरवठादाराच्या आणि त्याच्याही पुरवठादाराच्या शेडमध्ये तयार होतात, आणि तेथे कंत्राटी मुलगा बारा-बारा तास प्रेसवर हात घालत असतो. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने वार्षिक अहवाल काढत आहे. हरियाणातील गुरुग्राम-मानेसर पट्ट्यापासून सुरू झालेल्या या पाहणीतून वाहनउद्योगाच्या पुरवठासाखळीत हजारो कामगारांची बोटे आणि हात कसे चिरडले जातात याची नोंद झाली आहे. तेथील शेड आणि येथील शेड यांत फरक असावा असे मानण्याला आधार नाही. यंत्र तेच, पद्धत तीच आणि खरेदीदारही पुष्कळदा तेच.

बोट गेलेल्या कामगाराकडे पाहण्याची कायद्याची दृष्टी कशी होती? १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात प्रत्येक अवयवाचा भाव टक्केवारीत लिहिलेला होता. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्क्यांनी घटली, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्क्यांनी, मधले बोट गेले तर १२ टक्क्यांनी. कमाईच्या शक्तीचा हिशेब झाला की माणसाचा हिशेब संपला. त्या हाताने तो पुढे काय चाचपणार, मुलाची वेणी घालणार की मोगऱ्याची कळी खुडणार, याचा रकाना कोणत्याच परिशिष्टात नव्हता. भरपाईचे भांडण संघटनेने लढलेच पाहिजे. परंतु माणूस म्हणजे कमाईची शक्ती एवढेच समीकरण मालकाबरोबर संघटनेनेही मान्य करून टाकावे काय? तुटलेल्या हाताला पुन्हा मातीत घालण्याचे, कुंडीतले रोप लावण्याचे, पान चुरगळून वास घेण्याचे काम हे पुनर्वसनाचाच भाग आहे, हे उपचारशास्त्राने केव्हाच स्वीकारले आहे. ज्या पट्ट्यात हात जातात त्याच पट्ट्यात हातांसाठी बाग असावी, ही मागणी म्हणूनच दानाची ठरत नाही. ती देणे वसूल करण्याची मागणी आहे.

कायद्याची बाजू तर आता कमालीची स्पष्ट आहे. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वंकष कायदा झाला. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. त्या कराराच्या ३०व्या अनुच्छेदात करमणूक, विरंगुळा आणि क्रीडा यांत इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क नमूद आहे. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले, सुगम्यतेचे निकष पाळले नसतील तर बांधकामाला परवानगी व पूर्णत्वाचा दाखला देऊ नये असे कलम ४४ मध्ये बजावले, आणि जुन्या सार्वजनिक वास्तू पाच वर्षांत सुगम करण्याचे बंधन कलम ४५ मध्ये घातले. नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्ये संपून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तर सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत ठरवण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली होती. ती मोजणी जुन्या, आखूड यादीने झाली होती आणि त्यानंतरची जनगणना २०२१ साली झालीच नाही, तेव्हा खरा आकडा याहून पुष्कळ मोठा असणार.

या सगळ्या काळात शासनाने एक बदल मात्र तत्परतेने अमलात आणला. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचवले, आणि पाहता पाहता फलक, शिक्के, खाती, प्रमाणपत्रे यांवरचा शब्द बदलला. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही सुरू केला. शब्दाबद्दल वाद घालण्याचे येथे प्रयोजन नाही. एवढेच दिसते की शब्द बदलायला लागणारी रंगाची डबी उतार बांधायला लागणाऱ्या सिमेंटपेक्षा स्वस्त असते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले. आणि तरी त्या पाण्याला हात लावण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांनिशी चवदार तळ्यावर जावे लागले. ठरावाने तळे उघडत नाही, हे तेव्हा सिद्ध झाले. पुढे पन्नास वर्षांनीही बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव हिंडावे लागले. अस्पृश्यतेच्या अत्याचाराची आणि बागेच्या पायऱ्यांची तुलना होऊ शकत नाही, आणि ती करूही नये. तेथे द्वेष होता, येथे बेपर्वाई आहे. परंतु सार्वजनिक म्हणवणारी जागा कागदावर सर्वांची आणि प्रत्यक्षात काहींचीच असते तेव्हा ती उघडण्याचा मार्ग एकच असतो: ज्यांना बाहेर ठेवले आहे त्यांच्यासह तेथे जाऊन उभे राहणे.

आता बागेच्या आत जाऊ. कार्यकर्त्यांनी हे तपशील बारकाईने समजून घेतले पाहिजेत, कारण ठेकेदार आणि अभियंता यांच्याशी बोलताना भावना उपयोगी पडत नाहीत, मापे उपयोगी पडतात. उताराचे प्रमाण १ : १२ असावे, म्हणजे एक हात चढायला बारा हात लांबी हवी. प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उतार ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब होतो. प्रत्यक्षात पायऱ्यांच्या कडेला दीड-दोन मीटरची घसरगुंडी ओतून तिला रॅम्प म्हणण्याचा प्रघात आहे. तीवरून खुर्ची वर ढकलायला दोन माणसे लागतात आणि उतरताना ती कोणाला आवरत नाही. असा उतार नसलेला बरा, कारण त्यामुळे निविदेतील नोंद पूर्ण होते आणि तक्रारीला जागा राहत नाही. वाटेची रुंदी दोन खुर्च्या समोरासमोर जातील इतकी, म्हणजे १ मीटर ८० सेंटिमीटर हवी. खुर्ची वळवायला दीड मीटरची मोकळी जागा हवी. खडी, वाळू, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि पावसाळ्यात शेवाळणारी गुळगुळीत शहाबादी फरशी या चारही गोष्टी वर्ज्य. वाफे जमिनीलगत नकोत. साठ ते पंच्याहत्तर सेंटिमीटर उंचीच्या कट्ट्यात असावेत.

अंधांसाठी पिवळ्या उठावदार फरश्यांची ओळ टाकण्याची रीत आता सर्वांना माहीत झाली आहे. रेघांची फरशी ‘चालत राहा’ सांगते, ठिपक्यांची फरशी ‘थांब, पुढे धोका किंवा वळण आहे’ असे सांगते. ही भाषा आहे, नक्षी नव्हे. ती न समजता टाकलेली ओळ अंध माणसाला झाडाच्या बुंध्यावर, विजेच्या खांबावर किंवा उघड्या गटाराकडे नेते. ब्रेल फलकांचेही तसेच. फलक डोक्याच्या वर ठोकला तर बोटे तेथे पोहोचत नाहीत. धातूचा फलक वैशाखातल्या उन्हात तापला तर हात ठेववत नाही. आणि मराठी ब्रेल जाणणाऱ्या एकाही व्यक्तीकडून वाचून न घेता फलक बसवला तर तो मजकूर बरोबर आहे की नाही हे डोळस अधिकाऱ्याला कळण्याचा मार्गच नसतो.

झाडांच्या निवडीत तर आयात केलेल्या शोभेच्या रोपांची गरजच नाही. मोगरा, सोनचाफा, पारिजातक, निशिगंध, रातराणी यांचे वेळापत्रक ठरलेले आहे. ज्याला दिसत नाही त्याला ती झाडे दिवसाची वेळ आणि ऋतू दोन्ही सांगतात. तुळस, मरवा, दवणा, गवती चहा, पानओवा, पुदिना, कढीपत्ता ही चुरगळून हुंगण्याची झाडे. कुठल्याही खेड्यातून आलेल्या बाईला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही, उलट तीच माळ्याला चार गोष्टी सांगेल. वाऱ्याच्या आवाजासाठी बांबूचे बेट आणि पिंपळ यांच्यापेक्षा चांगले वाद्य नाही. जपावयाचे ते कण्हेरीला. पाणी कमी लागते, फूल भरपूर येते म्हणून रस्त्याच्या दुभाजकावर ती हमखास लावतात. पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, आणि जेथे मुले पाने हाताळतात, तोंडात घालतात तेथे ती असताच कामा नये. दुसरे जपावयाचे गाजरगवत. १९५०च्या दशकात पुण्याच्याच परिसरात या परदेशी तणाची प्रथम नोंद झाली आणि तेथून त्याने सारा देश व्यापला. लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात. नावावरून पक्षीय आनंद मानण्याचे कारण नाही, ते सर्व पक्षांच्या कारकिर्दीत सारखेच फोफावले आहे. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज सुटते, परागकणांनी दमा उफाळतो. स्पर्शाच्या बागेत ते माजू दिले तर बागेचा हेतूच नष्ट होतो. म्हणून बाग बांधण्याच्या खर्चापेक्षा ती राखण्याच्या खर्चाकडे अधिक लक्ष हवे. बांधकामाची निविदा एकदा निघते आणि उद्घाटनाचा फलक कायम राहतो. माळी मात्र कंत्राटी असतो, त्याचे वेतन थकते, आणि पहिल्याच उन्हाळ्यात मरवा जळून जातो. माळ्याला कायम काम आणि पुरते वेतन देणे हाही सुगम्यतेचाच भाग आहे.

आवाजाबद्दल फारसा विचार कोणी करत नाही. स्वमग्न मुलाला अचानक सुरू झालेला ध्वनिक्षेपक म्हणजे यातना असते. खोलीत जागा नाही, चाळीत शांतता नाही म्हणून आई त्याला बागेत आणते, तर तेथे खांबाखांबावर भक्तिगीते आणि सिनेमाची गाणी चालू. बागेचा एक कोपरा तरी निश्चितपणे शांत ठेवणे याला एक पैसाही लागत नाही. तीच गोष्ट वेळांची. पुष्कळशा बागा दुपारभर कुलूपबंद असतात. तिन्ही पाळ्यांत चालणाऱ्या या गावात रात्रपाळीहून आलेला बाप दुपारीच मोकळा असतो, आणि व्यंग असलेल्या मुलाला घेऊन गर्दी नसताना यावे अशी इच्छा असलेल्या आईलाही दुपारच सोयीची असते. स्वच्छतागृहाची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. रुंद दाराचे, आधाराच्या दांड्याचे स्वच्छतागृह नसेल तर चाकांच्या खुर्चीवरची स्त्री बागेत अर्धा तासही थांबू शकत नाही. ती घरून निघतानाच पाणी पिणे टाळते.

परंतु बाग कितीही उत्तम केली तरी तेथवर पोहोचायचे कसे? सांगवी फाटा ते किवळे मार्गावर २०१५ साली बीआरटी सुरू झाली तेव्हा फलाट आणि बसचा तळ एका पातळीवर आणण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावू लागली. तीत उद्‌वाहक आहेत, उठावदार फरश्याही आहेत. तेव्हा तंत्रज्ञान नाही, पैसा नाही, ज्ञान नाही अशी सबब या शहराला सांगता येणार नाही. अडचण स्थानकातून बाहेर पडल्यावर सुरू होते. पदपथावर विजेची पेटी, दुकानाची पायरी, लावलेल्या दुचाक्या, आणि प्रत्येक वीस पावलांवर इमारतीत मोटार जावी म्हणून तोडलेली कड. स्थानक केंद्र सरकारच्या आणि राज्याच्या कंपनीचे, रस्ता एका खात्याचा, पदपथ दुसऱ्याचा, बाग तिसऱ्याची. आणि अंध माणसाची काठी या खात्यांच्या हद्दी ओळखत नाही.

चाकणची अवस्था याहून वेगळी आणि अधिक बिकट आहे. तेथे बाग सुगम करा असे म्हणण्यापूर्वी बाग कोठे आहे ते शोधावे लागते. चाकणला नगरपरिषद झाली ती २०१५ साली. म्हाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, निघोजे या गावांचा कारभार ग्रामपंचायतींकडे. गावांच्या शिवारात जगातल्या नामांकित मोटारकंपन्यांचे कारखाने आणि गावठाणात पत्र्याच्या खोल्यांत चार-चार, सहा-सहा कामगार. कारखान्याच्या कुंपणाआतली हिरवळ काटेकोर कापलेली असते, पण ती पाहुण्यांसाठी. औद्योगिक वसाहतीच्या आराखड्यांत मोकळ्या जागा दाखवलेल्या असतात. त्यांतील काही तरी कामगारांच्या वस्तीलगत सार्वजनिक बागेसाठी मिळवणे हा तेथील कार्यकर्त्यांचा पहिला कार्यक्रम असला पाहिजे. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आहेच. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्चाचे बंधन घातले आहे. तो पैसा घ्यावा, परंतु फलकावर कंपनीचे नाव आणि किल्लीही कंपनीकडे असा व्यवहार करू नये. जागा ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची, देखभालीचा करार लेखी आणि अनेक वर्षांचा, याच अटीवर.

या सर्वांवर खुद्द चळवळीतूनच एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळून चालणार नाही. कायम नोकऱ्या संपत आहेत, शिकाऊ आणि कंत्राटी कामगारांवर कारखाने चालत आहेत, संघटना बांधणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. अशा वेळी बागेची, मोगऱ्याची आणि दवण्याची चर्चा ही मध्यमवर्गीय चैन नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु कामगार चळवळीने विश्रांतीला चैन कधी मानले? नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली, तेव्हा वेतनाचे, कामाच्या तासांचे, दंडाचे प्रश्न सुटलेले नव्हते. आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःचे, या मागणीतले शेवटचे आठ तास घालवायचे कोठे, हा प्रश्न त्या मागणीतच आहे. ज्याच्याकडे बंगला आहे त्याची बाग त्याच्या अंगणात असते. सार्वजनिक बाग लागते ती एका खोलीत राहणाऱ्यांना, आणि त्यांच्यातही सर्वांत जास्त लागते ती त्या खोलीत दिवसभर कोंडून राहणाऱ्याला. पक्षाघाताने पडलेला निवृत्त फिटर, जन्मतः दृष्टी नसलेली मुलगी, हात गमावलेला पंचवीस वर्षांचा प्रेस ऑपरेटर हे संघटनेच्या सभासद-यादीत नसतील. ते कामगारवर्गाबाहेर गेले असे मात्र कोणी समजू नये. शिवाय त्यांना सांभाळण्यासाठी घरात राहणारी बाई, जिच्या श्रमाची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नाही, तिलाही दिवसातून एक तास उघड्यावर बसता येणे ही काही लहान गोष्ट नाही.

‘असे लोक बागेत येतातच कोठे?’ हा दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा. त्याचे उत्तर फाटकातल्या दांड्यापाशी मिळते.

करावयाचे काम फार मोठे नाही, पण चिकाटीचे आहे. प्रत्येक प्रभागातील कार्यकर्त्यांनी एक बाग निवडावी आणि तिची पाहणी अपंग व्यक्तींना बरोबर घेऊन, त्यांच्या पुढाकाराने करावी. या पट्ट्याच्या उंबरठ्यावरच या विषयातील जाणकार आहेत. खडकीला युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी १९१७ पासून क्वीन मेरीज तांत्रिक संस्था आहे आणि १९७४ पासून पक्षाघातग्रस्त जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. आळंदीत अंध मुलींची शाळा आहे. चाकांच्या खुर्चीवर आयुष्य काढलेल्या माणसाने उतारावरून एकदा खाली येऊन पाहिले की दहा नकाशांना कळणार नाही ते कळते. पाहणीत टेप घेऊन मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, आणि अहवाल उद्यान विभागाला पोचपावती घेऊन द्यावा. ठरावीक काळात हालचाल झाली नाही तर पुण्यातच कार्यालय असलेल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करावी. २०१६च्या कायद्याने आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत, आणि कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत व त्यानंतरच्या उल्लंघनाला ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंड आहे.

पैशाच्या बाबतीत एक दक्षता घ्यावी. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग अपंगांसाठी खर्च करावा असा राज्य शासनाचा दंडक आहे. बागांचे उतार आणि रुंद दारे त्याच निधीतून करण्याचा मोह प्रशासनाला होईल. त्याला विरोध केला पाहिजे. तो निधी अपंगांच्या निर्वाहासाठी, साधनांसाठी, शिक्षणासाठी आणि रोजगारासाठी आहे. बागेचे फाटक सर्वांना जाण्याजोगे करणे हे उद्यान विभागाचे नित्याचे कर्तव्य असून त्याचा खर्च उद्यानांच्या आणि स्थापत्याच्या तरतुदीतूनच झाला पाहिजे. मुळात चुकीचे बांधले म्हणून होणाऱ्या दुरुस्तीची वर्गणी अपंगांकडून घेता येणार नाही.

पिंपरी-चिंचवडमध्ये मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. प्रश्न विचारायला सभागृह नव्हते आणि उत्तर द्यायला नगरसेवक नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होऊन सभागृह पुन्हा अस्तित्वात आले. प्रभाग समित्यांच्या बैठका आणि अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून मागवल्या जाणाऱ्या सूचना, हे दोन्ही दरवाजे वापरता येण्याजोगे आहेत. आपल्या प्रभागातील एका बागेचे नाव, फाटकाची रुंदी, पायऱ्यांची संख्या, त्यासाठी लागणाऱ्या उताराची लांबी आणि अंदाजे खर्च, एवढ्या पाच नोंदी असलेला एक कागद प्रत्येक शाखेने पुढच्या अर्थसंकल्पापूर्वी दाखल करावा, आणि त्यावर पहिली सही त्या फाटकातून परत गेलेल्या माणसाची घ्यावी.